बारावीनंतरचा इंग्रजीचा पेपर : तयारी नववीपासून



वसतिगृह पाहायला येणारे हितचिंतक मुलींशी बोलतात, त्यांच्या वह्या चाळतात आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "मॅडम, या मुलींना इंग्रजी इतकं जड का जातं?" प्रश्न आपुलकीचा असतो. त्याचे उत्तर दारात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आश्रमशाळांत शिकवणारेही आहेत. त्यांना यातले काही वर्गात वापरता यावे, हाही हेतू आहे.

मी धारणी तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात आठवड्यातून चार संध्याकाळी नववी ते बारावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. आमच्या बहुतेक मुली कोरकू. घरात कोरकू बोलली जाते. ती मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. संथाळी, मुंडारी ज्या मुंडा गटातल्या, त्याच गटातली ती स्वतंत्र भाषा आहे. आठवडी बाजारात आणि एसटीत हिंदी चालते, कारण मध्य प्रदेशची हद्द लागूनच आहे. शाळेत मराठी. आणि राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्यामुळे चौथी भाषा इंग्रजी. सहा वर्षांची मुलगी शाळेत पाऊल टाकते तेव्हा तिच्यापुढे दोन अनोळखी भाषा एकदम उभ्या राहतात, आणि त्यातली एक दुसरीच्या आधाराने शिकवली जाते. तरीही दहावीपर्यंत या मुली तीन भाषा सहज बोलू लागतात. 'भाषेत कच्ची' हा शेरा आम्ही वसतिगृहाच्या नोंदवहीत लिहीत नाही, तो यामुळेच.

मग अडते कुठे? अडते ते वाचनात. बोर्डाच्या परीक्षेत ३५ गुणांना उत्तीर्ण होता येते. कुमारभारती आणि युवकभारतीतल्या धड्यांची प्रश्नोत्तरे, दोन पत्रे, चार निबंध पाठ केले की तेवढे गुण जमतात. बारा वर्षे इंग्रजी विषय शिकूनही, पूर्वी कधी न पाहिलेले इंग्रजी पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून समजून घेण्याची वेळ मुलीवर आलेलीच नसते. ती वेळ नेमकी बारावीनंतर येते.

परीक्षेत काय असते

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा होते. राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, ती घेते. आमच्या मुलींच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे नाव म्हणजे अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ. तेही केंद्रीय विद्यापीठ आहे. दिल्ली, हैदराबाद, वाराणसी इथली दारेही याच परीक्षेने उघडतात.

या परीक्षेत तेरा भाषांचे पेपर आहेत आणि त्यात मराठी आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र असे विषयांचे पेपरही मराठी माध्यमातून देता येतात. ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नसते; 'सगळं इंग्रजीत असतं' या समजुतीने चांगल्या मुली अर्जच भरत नाहीत. म्हणून शिक्षकांना पहिली विनंती अशी की, कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते पेपर लागतात हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आधी नीट वाचावे आणि मगच मुलीला सल्ला द्यावा. जिथे भाषेचा कोणताही एक पेपर चालतो, तिथे मराठीचा पेपर देणे हा कमीपणा नाही.

मग इंग्रजीची तयारी कशाला? एक तर काही अभ्यासक्रमांना इंग्रजीचाच पेपर लागतो. आणि दुसरे, माझ्या मते जास्त महत्त्वाचे, प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयातून जे पुस्तक हातात पडते ते बहुधा इंग्रजीतच असते. परीक्षा मराठीतून देऊन आत गेलेल्या मुलीलाही ते पुस्तक वाचायचेच असते.

२०२५ पासूनच्या रचनेनुसार इंग्रजीच्या पेपरात ५० प्रश्न असतात, सगळे सोडवायचे, वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा. अभ्यासक्रमात तीन प्रकारचे उतारे सांगितले आहेत: माहितीपर, कथनपर आणि साहित्यिक. त्याखेरीज वाक्यांचे विस्कटलेले भाग क्रमाने लावणे, योग्य शब्द निवडणे, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द. निबंध नाही, पत्र नाही, पाठ केलेले काहीही नाही.

आता साधा हिशेब पाहा. एक उतारा तीनशे ते साडेतीनशे शब्दांचा. असे तीन धरले तर सुमारे हजार शब्द झाले. जी मुलगी मिनिटाला पन्नास शब्द वाचते तिची वीस मिनिटे नुसत्या वाचण्यात जातात, आणि प्रश्नाकडे वळून पुन्हा उतारा शोधावा लागतो ते वेगळेच. मिनिटाला शंभर शब्द वाचणारीला दहा मिनिटे पुरतात. या दहा मिनिटांच्या फरकात आठ प्रश्न सुटतात, म्हणजे चाळीस गुण. शिवाय सावकाश वाचणाऱ्याला अर्थही कमी लागतो. अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "मॅडम, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत पहिला शब्द विसरते." वाचनाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. शब्द उकलण्यातच डोके दमले, तर अर्थाला जागा उरत नाही.

वाचन कसे वाढवावे

आम्ही रोज पंचवीस मिनिटे ठेवली आहेत. त्यातली पहिली दहा मिनिटे मी वाचते आणि मुली पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ऐकतात. पुढची पाच मिनिटे त्या माझ्याबरोबर मोठ्याने वाचतात. उरलेली दहा मिनिटे मनात वाचन. एवढेच. नववीच्या मुलींना मी सुरुवातीला पाचवी-सहावीची पुस्तके देते. त्यांना ते लाजिरवाणे वाटू नये म्हणून, धाकट्या मुलींना वाचून दाखवण्याची तयारी म्हणून देते, आणि शनिवारी त्या खरोखरच वाचून दाखवतात. पुस्तक असे हवे की ओळीत एखादाच शब्द अडावा. पानभर शब्द अडत असतील तर ते वाचन राहत नाही, खाणकाम होते. बालभारतीच्या संकेतस्थळावर जुनी-नवी पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. इंग्रजी माध्यमाची खालच्या इयत्तांची परिसर अभ्यासाची पुस्तके या कामाला फार चांगली, कारण विषय ओळखीचा आणि वाक्ये छोटी.

विषय ओळखीचा असणे हे फार मोठे साहाय्य आहे. वाघ, बांबू, मोह, होळी, पावसाळ्यातली नदी यांवरचा इंग्रजी उतारा आमच्या मुली ज्या वेगाने वाचतात, तो पाहून पाहुणे चकित होतात. मेळघाटातली मुलगी व्याघ्र प्रकल्पावरचा उतारा वाचते तेव्हा निम्मी माहिती तिच्याजवळ आधीच असते. तिला फक्त इंग्रजी शब्द बसवायचे असतात. म्हणून पहिली दोन वर्षे मी ओळखीचे विषय घेते. दहावीनंतर मात्र मुद्दाम अनोळखी: विमानतळ, शेअर बाजार, समुद्रातले प्रवाळ, युरोपातला एखादा चित्रकार. परीक्षेतले उतारे बहुतेक शहरी माणसाच्या नजरेने लिहिलेले असतात. 'एस्कलेटर' हा शब्द अडला की मुलगी घाबरून उतारा सोडते. वास्तविक तो शब्द गाळूनही पाचपैकी चार प्रश्न सुटतात. अनोळखी शब्दावरून उडी मारून पुढे जाण्याची सवय मुद्दाम लावावी लागते. आम्ही उताऱ्यातले सहा शब्द काळ्या शाईने पुसून टाकतो आणि उरलेल्या मजकुरावरून प्रश्न सोडवायला देतो. मुलींना हा खेळ आवडतो.

इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे. काही शिक्षक ती पाहताच रागावतात. मी नववीच्या पहिल्या सत्रापुरती मुभा देते, दिवाळीनंतर खोडरबर. नाहीतर डोळा कायम वरची ओळ वाचतो आणि खालची कधीच ओळखीची होत नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी शंभर शब्दांचा उतारा घड्याळ लावून वाचायचा, किती सेकंद लागले ते वहीत लिहायचे, आणि लगेच उतारा झाकून दोन-तीन वाक्यांत कोरकूत, हिंदीत, मराठीत, कशातही, काय वाचले ते सांगायचे. नुसता वेग मोजला तर मुली पोपटासारख्या धावतात. सांगता आले तरच तो वेग खरा धरायचा.

मराठीतून आलेल्या आणि कोरकूतून आलेल्या चुका

व्याकरणाची पुस्तके पहिल्या पानापासून शिकवत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुली कोणत्या चुका करतात ते पाहून तेवढेच शिकवावे. चुका ठरावीक असतात आणि त्यांची मुळे मातृभाषेत किंवा शाळेच्या भाषेत सापडतात.

'ही' आणि 'शी' यांची अदलाबदल घ्या. गावाकडच्या मुली आईला 'ही' म्हणतात म्हणून वर्गात हशा होतो. पण कोरकूत मराठीसारखे तो-ती-ते नाही. तिथे विभागणी सजीव आणि निर्जीव अशी आहे. एकदा हे मुलींना सांगितले की त्या स्वतःच नियम मांडतात: माणूस असेल तर पुरुष की बाई ते पाहायचे, वस्तू असेल तर 'इट'. उलट मराठीच्या वळणाने त्या खुर्चीला 'शी' म्हणतात, तीही चूक तिथेच सुटते.

अनेकवचनाचे तसेच. मराठीत 'एक दगड, दोन दगड'. शब्द बदलत नाही. म्हणून मुली 'टू स्टोन' लिहितात. मी फळ्यावर त्यांच्याच जमातीचे नाव लिहिते. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, 'कोरकू' म्हणजे माणसे. इंग्रजीतला 'एस' म्हणजे तुमचा 'कू', एवढे सांगितले की तो मुद्दा पुन्हा फारसा समजवावा लागत नाही. आपल्या भाषेचा नियम इंग्रजीच्या तासाला कामी येतो, हे पाहून मुलींचे चेहरे कसे होतात ते आपण एकदा येऊन पाहावे.

काळाची एक चूक मात्र पुण्या-मुंबईच्या मुलांइतकीच आमच्या मुलीही करतात. 'मी पाच वर्षांपासून इथे राहते' याचे 'आय लिव्ह हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स' असे होते. इंग्रजीत 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हवे; आणि सालापासून म्हणायचे असेल तर 'सिन्स'. या जोडीवर बहुपर्यायी प्रश्न हमखास तयार होतात. तसेच 'विषयी चर्चा केली' वरून 'डिस्कस्ड अबाउट', 'त्याच्याशी लग्न केले' वरून 'मॅरिड विथ', आणि 'झाडावर पक्षी' वरून 'ऑन द ट्री'. पक्षी फांद्यापानांत बसलेला असतो म्हणून इंग्रजीत 'इन द ट्री'. अशा चुकांची एक भिंत आम्ही केली आहे: डावीकडे मराठी वाक्य, मध्ये आपण काय म्हणतो, उजवीकडे इंग्रज काय म्हणतो. आजवर चाळीस वाक्ये झाली. 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांच्यावर फार वेळ घालवू नये. मराठी बोलणाऱ्याला ती सवय वाचून वाचूनच होते.

शब्दांच्या याद्यांबद्दलही थोडे. बाजारात हजार-हजार शब्दांच्या पुस्तिका मिळतात, आणि देणगीदार प्रेमाने त्या पाठवतात. त्या निरुपयोगी नाहीत, पण शब्द एकटा पाठ केला तर टिकत नाही. परीक्षेत विचारतात तो शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ. 'बँक' म्हणजे पैसे ठेवण्याची जागा, पण सिपना नदीचा काठही 'बँक'च. 'फेअर' म्हणजे जत्रा, आणि न्याय्यही. आम्ही शब्दांची कुटुंबे करतो: 'केअर', 'केअरफुल', 'केअरलेस', 'केअरफुली'. मराठीतल्या अ-, बे-, निर- यांच्यासारखेच इंग्रजीत 'अन', 'डिस', 'इन' पुढे लागून अर्थ उलटतो, हे दाखवले की विरुद्धार्थी शब्दांचे निम्मे प्रश्न हाताशी येतात.

विस्कटलेली वाक्ये लावण्याचा प्रश्न आधी मराठीत करून घ्यावा. एखादी छोटी गोष्ट कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, पट्ट्या मिसळायच्या आणि चौघीचौघींच्या गटाला लावायला द्यायच्या. 'म्हणून तो परत गेला' ही पट्टी पहिली असूच शकत नाही, हे कोणालाही सांगावे लागत नाही. मग तेच इंग्रजीत: 'देअरफोर', 'बट', 'दिस', 'ही' यांनी सुरू होणारे वाक्य सहसा पहिले नसते, कारण त्याच्या आधी काहीतरी घडलेले असावे लागते.

पडद्यावरचा पेपर

परीक्षा संगणकावर होते. ज्या मुलीने माउस कधी धरलेला नाही, तिची पहिली दहा मिनिटे हात स्थिर होण्यात जातात. आपल्या दोन जुन्या संगणकांवर प्रत्येक बारावीची मुलगी आठवड्यातून दोनदा बसते. पडद्यावर वाचताना बोट ठेवता येत नाही, ओळ सुटते. त्याचीही सवय लागते. उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबले नाही तर ते नोंदले जात नाही, हे तर दहादा सांगावे. सोडवलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल, पुन्हा पाहण्यासाठी राखलेला जांभळा. एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा असतात.

'खात्री नसेल तर हात लावू नका' असे मुलींना सरसकट सांगितले जाते. हिशेब वेगळे सांगतो. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी एक बरोबर येतो: पाच मिळाले, तीन गेले, दोन उरले. दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत एवढे कळले, तर दर दोन प्रश्नांत पाच मिळतात, एक जातो. म्हणजे अर्धवट माहितीलाही किंमत आहे. आमच्या मुली स्वभावानेच जपून वागणाऱ्या. न विचारता बोलणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. तोच संकोच पेपरातही उतरतो आणि बारा-पंधरा प्रश्न कोरे राहतात. म्हणून हा हिशेब मी त्यांच्याकडूनच फळ्यावर करून घेते.

मोह, तेंदू आणि मे महिना

सगळ्यात अवघड गोष्ट इंग्रजीची नाहीच. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते. वसतिगृह रिकामे होते. मुली घरी जातात तो मोह वेचण्याचा हंगाम. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघायचे, उन्हे चढेपर्यंत फुले वेचायची, वाळत घालायची. तो संपतो न संपतो तोच तेंदूपत्ता. वर्षाचा रोख पैसा घरात येतो तो याच दिवसांत, आणि कमावत्या वयाच्या मुलीचे दोन हात घराला हवेच असतात. सीयूईटी होते मे महिन्याच्या सुमारास. म्हणजे चार वर्षे मेहनतीने आणलेला वाचनाचा वेग नेमका शेवटच्या दोन महिन्यांत ओसरतो. एका मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारले होते, "मॅडम, परीक्षा पास झाली तर तीन वर्षांनी पैसा येईल. तेंदूचा पैसा आत्ता येतो. तुम्हीच सांगा." ते मुलीच्या शिक्षणाविरुद्ध नव्हते. त्यांनी तिला परीक्षेला पाठवलेही, पण पेपराच्या चार दिवस आधीपर्यंत ती पुडे बांधत होती.

या वडिलांना उपदेश करण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. आम्ही इतकेच करतो: मार्चच्या शेवटी प्रत्येक मुलीला घरी नेण्यासाठी एक पिशवी देतो. तीत वीस उतारे, उत्तरांचे वेगळे पाकीट, दोन पातळ गोष्टींची पुस्तके आणि एक वही. रोज एक उतारा, दुपारच्या उन्हात, फुले वाळत पडलेली असतात तेव्हा. जवळजवळच्या गावांतल्या मुलींच्या जोड्या लावल्या आहेत; एकीने दुसरीची उत्तरे तपासायची. जिथे फोनला रेंज मिळते तिथून रविवारी मला फोन. मे महिन्यात पेपरापूर्वीचे दहा दिवस वसतिगृह पुन्हा उघडतो. गेल्या वर्षी सात मुली आल्या, दोघींना घरून निघता आले नाही.

यंदा अकरा मुलींनी अर्ज भरले आहेत. केंद्र अमरावतीला मिळाले तर धारणीहून सेमाडोह-परतवाड्याच्या घाटातून सकाळच्या वेळेला पोचणे शक्य नसते. आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे लागते. अमरावतीतल्या तीन वाचक कुटुंबांनी मुलींना रात्री उतरायला जागा देऊ केली आहे. आणखी दोन घरे मिळाली तर सगळ्यांची सोय होईल. मुलींना रात्री भाकरी-भाजी, झोपायला सतरंजी आणि सकाळी केंद्रापर्यंत सोबत, एवढेच लागते. इच्छुकांनी वसतिगृहाच्या कार्यालयाशी एप्रिलअखेर संपर्क साधावा.